दोन अक्षरांचा फरक

उर्दू लिपीत ‘दुआ’ आणि ‘दगा’ या दोन शब्दांत फक्त एका नुक्त्याचा फरक आहे. ऐनवर एक टिंब चढलं की त्याचं गैन होतं आणि दुआचा दगा होतो. उर्दू शिकवणाऱ्या प्रत्येक मास्तरला हे उदाहरण पाठ असतं. मराठीत ‘दिन’ आणि ‘दीन’ यांच्यात एका वेलांटीचं अंतर आहे, आणि तोच ‘दीन’ उर्दूत गेला की त्याचा अर्थ धर्म होतो. भाषा शिकवणाऱ्याला अशा गोष्टींचं वेडच असतं. बदल एवढासा, अर्थ कुठल्या कुठे.

आज मात्र भाषेवर लिहायचं नाही. प्रयोगशाळेत तयार केलेल्या सव्वीस अक्षरांच्या एका ‘शब्दा’वर लिहायचं आहे. त्यातली दोन अक्षरं बदलली की तो निकामी होतो. पण मला त्याहून महत्त्वाचं हे वाटतं, की ती दोन अक्षरं कुणीतरी मुद्दाम बदलून पाहिली. या शब्दाचं नाव एसएन-५०. प्रथिनाच्या अशा छोट्या तुकड्याला पेप्टाइड म्हणतात. प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात. ही आम्लं मुख्यतः वीस प्रकारची असतात आणि शास्त्रज्ञांनी प्रत्येकाला एकेक अक्षर दिलं आहे. म्हणून प्रथिन लिहून दाखवता येतं, वाचता येतं. वीस अक्षरांची वर्णमाला समजा.

विज्ञान माझा विषय नाही. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. एसएन-५०ची ओळख मला भाचीनं करून दिली. ती पुण्यात बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करते. तिला वर्गात एक जुना शोधनिबंध समजावून सांगायचा होता. सुट्टीत घरी आली तेव्हा आधी तो मला सांगायला बसली. म्हणाली, “मामू, तुम्हाला कळलं तर कुणालाही कळेल.” मी हा मान समजून स्वीकारला.

ती सांगत होती त्याच दिवसांत घरात ‘इम्युनिटी’ या शब्दावरून वाद चालू होता. तिची अम्मी, म्हणजे माझी मोठी बहीण, संधिवातानं आजारी आहे. वय झाल्यावर गुडघे झिजतात तो संधिवात नव्हे. रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते आणि त्यांना शत्रू समजून पोखरत राहते, तो. मराठीत याला आमवात म्हणतात. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट नावाची गोळी दिली होती, आठवड्यातून एकच दिवस घ्यायची. तिनं आपाचं बरं चाललं होतं. मग एका लग्नात नात्यातल्या एका बाईनं सल्ला दिला, “आपा, ये गोली इम्युनिटी कम करती. छोड देव. ये पावडर लेव, इम्युनिटी बढती.” पावडरीच्या डब्यावर ‘तिब्ब-ए-नबवी’ असं लिहिलेलं होतं. आपानं गोळी सोडली आणि पाच महिने पावडर खाल्ली. घरात कुणाला सांगितलंही नाही. सकाळी कणीक मळता येईना, वजूच्या वेळी नळ फिरवता येईना, तेव्हा सगळं बाहेर आलं. गोळी पुन्हा सुरू झाली, सूज उतरली, पण उजव्या हाताची दोन बोटं आता पूर्ण सरळ होत नाहीत.

ती बाई वाईट नव्हती. गोळीबद्दल तिनं सांगितलेलं वाक्यही एका अर्थी खोटं नव्हतं. मेथोट्रेक्सेट रोगप्रतिकारशक्तीला आवर घालते, हे खरंच आहे. चूक होती त्यामागच्या समजुतीत, की इम्युनिटी ही बँकेतल्या शिलकीसारखी असते, जितकी जास्त तितकी चांगली. कोविडपासून ही समजूत आपल्या हाडात मुरली आहे. काढे, गोळ्या, चाटण, चहा, बिस्किटं, सगळ्यांवर ‘इम्युनिटी बूस्टर’ छापलेलं. शरीराच्या आत ही शक्ती चालते तरी कशी, हे मात्र कुणी विचारत नाही. एसएन-५०ची गोष्ट मला तिथे घेऊन गेली.

१९८६ साली अमेरिकेत डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेत रंजन सेन नावाचे एक तरुण भारतीय संशोधक काम करत होते. शरीरात अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशी असतात. अँटिबॉडीच्या एका भागाला ग्रीक अक्षरावरून ‘कप्पा’ म्हणतात. हा कप्पा बनवणारं जनुक नेमकं कशानं चालू होतं, याचा शोध सेन घेत होते. त्यांना एक प्रथिन सापडलं, ते डीएनएवरच्या एका ठरावीक जागी जाऊन चिकटत होतं. त्याचं नाव पडलं एनएफ-कप्पा-बी. एनएफ म्हणजे केंद्रकातला घटक, कप्पा म्हणजे ते जनुक, बी म्हणजे बी-पेशी. लवकरच कळलं की हे प्रथिन फक्त बी-पेशींत नसतं, शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशींत असतं. आणि बहुतेक पेशींत ते केंद्रकातही नसतं, बाहेरच थांबलेलं असतं. नाव मात्र तेच राहिलं. आमच्याकडे पोराचं नाव शेरखान ठेवतात आणि तो झुरळाला घाबरतो, तसंच.

हे प्रथिन म्हणजे जनुकांचा मुकादम. शेकडो जनुकांना तो कामाला लावतो. टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ असे जे पदार्थ ताप आणतात, सूज आणतात, लढणाऱ्या पेशींना बोलावून घेतात, त्यांची जनुकं याच्या हुकमावर चालू होतात. म्हणून शरीर त्याला मोकळं सोडत नाही. पेशीच्या मधोमध केंद्रक असतं, त्यात जनुकं असतात. एनएफ-कप्पा-बी केंद्रकाबाहेर पेशीद्रवात बसून असतं आणि आय-कप्पा-बी नावाचं दुसरं प्रथिन त्याला धरून ठेवतं. हे धरून ठेवणारं प्रथिन १९८८ मध्ये पॅट्रिक बॉयर्ले आणि बाल्टिमोर यांनी दाखवून दिलं. जंतू आला, त्याच्या कवचाचा तुकडा पेशीला लागला, की आतून निरोप जातो, आय-कप्पा-बीवर खूण केली जाते आणि पेशी त्याचे तुकडे करून टाकते. हात सुटला की मुकादम केंद्रकात शिरतो आणि काम सुरू होतं. हे सगळं काही मिनिटांत घडतं.

भाचीनं यापुढची गोष्ट सांगितली तेव्हा मी तिला थांबवून पुन्हा सांगायला लावली. एनएफ-कप्पा-बी केंद्रकात जाऊन जी जनुकं चालू करतं, त्यांत एक जनुक खुद्द आय-कप्पा-बीचं असतं. म्हणजे हा मुकादम आत जातो तेव्हा इतर हुकमांबरोबर स्वतःला पकडून बाहेर नेण्याचाही हुकूम देतो. नवं आय-कप्पा-बी तयार होतं, केंद्रकात जातं, त्याला डीएनएवरून सोडवतं आणि बाहेर आणून बसवतं. लढाई सुरू करण्याच्या हुकमातच ती थांबवण्याची सोय केलेली असते.

ही सोय नसेल तर काय होतं, हे उंदरांवर पाहिलं गेलं. ज्या उंदरांत आय-कप्पा-बीचं मुख्य जनुकच काढून टाकलं होतं, ते जन्माला आले तेव्हा ठीक दिसत होते, पण दाह पसरून साधारण आठवड्याभरात मेले. उलट ज्यांच्यात एनएफ-कप्पा-बीचा मुख्य भाग काढला होता, ते जन्मालाच आले नाहीत. त्यांच्या यकृताच्या पेशी मरत गेल्या आणि ते गर्भातच संपले. हे दोन्ही प्रयोग १९९५च्या सुमाराचे आहेत. मुकादम नसेल तरी मरण, आणि मुकादमाला धरणारा नसेल तरी मरण. ‘इम्युनिटी वाढवा’ म्हणणाऱ्यांनी यातलं नेमकं काय वाढवायचं ते सांगावं.

आता एसएन-५०.

पेशीत तयार झालेल्या प्रथिनाला आपण कुठे जायचं हे कसं कळतं? त्याच्या अक्षरांतच पत्ता लिहिलेला असतो. हे दाखवल्याबद्दल गुंटर ब्लोबेल यांना १९९९ चं नोबेल मिळालं. केंद्रकात जाणाऱ्या प्रथिनांवर केंद्रकाचा पत्ता असतो. १९८४ मध्ये एका विषाणूच्या प्रथिनात असा सात अक्षरांचा पत्ता सापडला होता. त्यातलं एकच अक्षर बदललं की ते प्रथिन केंद्रकाबाहेर राहत होतं. हा पत्ता वाचून प्रथिनाला आत नेणारे पोस्टमन पेशीत असतात, त्यांना इम्पोर्टिन म्हणतात.

एनएफ-कप्पा-बी दोन भागांची जोडी असते. त्यातल्या पी-५० नावाच्या भागावर असा पत्ता आहे. अमेरिकेत नॅशव्हिल इथल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात याचेक हाविगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला की मुकादमाला अडवायला त्याच्याशी झुंजायची गरज नाही, पोस्टमनचे हात भरून टाकले तरी पुरे. त्याच पत्त्याची रिकामी पाकिटं पेशीत सोडली, तर पोस्टमन तीच धरून बसेल आणि खरं पत्र दाराबाहेर राहील.

अडचण एकच होती. पाकिटं पेशीत शिरणार कशी? पेशीचं पटल तेलकट असतं, पेप्टाइडला ते सहज आत घेत नाही. म्हणून त्यांनी पत्त्याच्या आधी एक तेलकट तुकडा जोडला. हा सोळा अक्षरांचा तुकडा दुसऱ्याच एका प्रथिनाच्या सुरुवातीचा होता आणि पटलातून पार होत होता. पुढची दहा अक्षरं पी-५० वरच्या पत्त्याची: व्ही, क्यू, आर, के, आर, क्यू, के, एल, एम, पी. सोळा आणि दहा मिळून सव्वीस. नावातला पन्नास हा आकडा पी-५० वरून आला आहे, अक्षरांच्या संख्येवरून नाही. एकामागून एक अक्षर जोडत हवं ते पेप्टाइड बनवण्याची पद्धत ब्रूस मेरिफिल्ड यांनी १९६३ मध्येच देऊन ठेवली होती, तिच्यासाठी त्यांना १९८४ मध्ये नोबेल मिळालं. त्यामुळे असा ‘शब्द’ प्रयोगशाळेत जुळवणं आता कठीण राहिलेलं नव्हतं.

त्यांचा निबंध १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. काचेच्या भांड्यात वाढवलेल्या पेशींना जंतूच्या कवचातल्या पदार्थानं चिथावलं, मग त्यांच्या केंद्रकात एनएफ-कप्पा-बी किती पोचलं ते पाहिलं. एसएन-५० दिलेल्या पेशींत ते फार कमी पोचलं होतं. पेप्टाइडची मात्रा वाढवली तशी अडवणूकही वाढली.

मी असतो तर इथे पेढे वाटले असते. ते थांबले नाहीत. त्यांनी स्वतःच्याच निष्कर्षावर संशय घेतला. कशावरून हा परिणाम पत्त्याचा आहे? सव्वीस अक्षरांचा कुठलाही तेलकट तुकडा पेशीत घुसला तर पेशी बिथरत असेल, आणि म्हणून मुकादम आत जात नसेल. हा प्रश्न सोडवायला त्यांनी दोन जुळी भावंडं बनवली. एकात पत्ता होता पण आत शिरायचा तेलकट तुकडा काढलेला होता. दुसऱ्यात तेलकट तुकडा जसाच्या तसा होता, लांबी तीच, अक्षरं जवळपास सगळी तीच, फक्त पत्त्याच्या मधली दोन बदललेली. ‘के, आर’च्या जागी ‘एन, जी’. या दुसऱ्याला एसएन-५०एम म्हणतात. दोन्ही भावंडं निकामी ठरली. पहिलं दाराबाहेरच राहिलं. दुसऱ्याचा पत्ता चुकीचा, म्हणून पोस्टमननं ते हातात धरलं नाही.

आता कुठे सांगता आलं की पेशी नुसती बिथरलेली नव्हती. काम करत होता तो पत्ताच, आणि पत्त्यातही ती अक्षरं. आजही संशोधक एसएन-५० वापरतात तेव्हा शेजारच्या भांड्यात एसएन-५०एम घालतात. असं शेजारचं भांडं नसेल तर निकालावर कुणी विश्वास ठेवत नाही. याला ते कंट्रोल म्हणतात. भाची म्हणाली, “मामू, औषधानं काय झालं हे कुणीही सांगतं. औषध नसतं तर काय झालं असतं, हे कोण सांगणार? कंट्रोल ते सांगतो.”

हे ऐकताना मला अल-राझी आठवले. बगदाद आणि रय इथल्या रुग्णालयांत काम केलेले हकीम, निधन साधारण ९२५ सालचं. त्यांच्या टिपणांचा प्रचंड ग्रंथ ‘किताबुल हावी’ त्यांच्यामागे संकलित झाला. त्यात मेंदूच्या आवरणाला सूज येण्याच्या आजाराबद्दल त्यांनी लिहून ठेवलंय की आपण काही रुग्णांचं रक्त काढलं आणि काहींचं मुद्दाम काढलं नाही, म्हणजे निष्कर्ष काढता यावा. रक्त काढण्याचा तो उपाय आज कुणी मानणार नाही, पण प्रश्न विचारण्याची रीत बघा. अकराशे वर्षांपूर्वीचं शेजारचं भांडं. त्यानंतर शंभर वर्षांनी इब्न सिना यांनी ‘अल-कानून’मध्ये औषध तपासण्याचे सात नियम दिले. औषध एकमेकांविरुद्ध असलेल्या दोन आजारांवर वापरून पाहा, परिणाम कधी दिसतो ती वेळ पाहा, तो नेहमी दिसतो की एखाद्याच वेळी ते पाहा, आणि माणसावर तपासा, कारण घोड्यावर किंवा सिंहावर दिसलेलं माणसात दिसेलच असं नाही.

आपल्या जलशांत, व्याख्यानांत आपण या दोघांची नावं फार अभिमानानं घेतो. युरोपला वैद्यक आम्ही शिकवलं म्हणतो. मग बाहेर पडून हातगाडीवरून पावडरीचा डबा घेतो आणि त्या डब्याला यांतला एकही प्रश्न विचारत नाही. हा कुठला वारसा?

कलौंजीविषयीची हदीस बुखारीत आहे, मला ठाऊक आहे, आणि तिचा आदर मलाही आहे. पण जुन्या भाष्यकारांपैकी खत्ताबी यांनीच म्हणून ठेवलंय की तिथला ‘प्रत्येक आजार’ हा शब्द व्यापक असला तरी अर्थ मर्यादित घ्यायचा. इब्न खल्दून ‘मुकद्दमा’त त्याहून पुढे जातात. पैगंबर साहेबांच्या तोंडी असलेलं वैद्यक हे अरबांच्या रिवाजातलं होतं, वहीचा भाग नव्हे, ते शरीयत शिकवायला आले होते, असं ते लिहितात. इलाज करून घ्या, ही ताकीद मात्र हदीसमध्ये स्पष्ट आहे. इलाज सोडा, असं कुठे सांगितलंय? डब्यावर ‘तिब्ब-ए-नबवी’ छापणाऱ्यानं सुन्नतीची सेवा केलेली नाही, तिच्या नावावर उधारी केली आहे.

त्या डब्यावर घटक लिहिले होते, त्यांत हळद होती. इथे एक गंमत आहे. हळदीतला कर्क्युमिन हा पदार्थ भांड्यातल्या पेशींत एनएफ-कप्पा-बीला दाबतो, असा निबंधही १९९५ मध्येच आला होता. म्हणजे डब्यातली हळद जर खरोखर काही करत असेल, तर इम्युनिटी वाढवत नाही, तिच्या मुकादमाला बसवते. प्रत्यक्षात खाल्लेलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं पोचतं. भांड्यातल्या पेशीला ते थेट मिळतं, आपल्या सांध्याला मिळत नाही. एकाच डब्यावर एका बाजूला ‘सूज कमी करते’ आणि दुसऱ्या बाजूला ‘इम्युनिटी वाढवते’ असं छापलेलं असतं आणि आपण दोन्ही वाचून मान डोलावतो.

एसएन-५०ची गोष्ट इथे संपली असती तर ती नुसती यशोगाथा झाली असती. १९९८ मध्ये त्याच गटानं दुसरा निबंध छापला. या वेळी त्यांनी टी-पेशींत पाहिलं, आणि आढळलं की एसएन-५० फक्त एनएफ-कप्पा-बीला अडवत नाही. एपी-१, एनफॅट, स्टॅट-१ अशी जनुकांना हुकूम देणारी आणखी प्रथिनंही त्यामुळे केंद्रकाबाहेर राहतात. उघड आहे, पोस्टमनचे हात भरले तर एकाच घराचं पत्र कसं अडेल? त्या पोस्टमनवर अवलंबून असलेली बाकी पत्रंही अडणार. ज्या पेप्टाइडला लोक ‘एनएफ-कप्पा-बी रोखणारं’ म्हणून ओळखत होते, ते तेवढंच करत नाही हे त्यांनी स्वतःच छापून टाकलं. यात त्यांना कमीपणा वाटला नाही. पुढे त्यांनी त्याचाच गोल आकाराचा अवतार बनवून उंदरांवर वापरला, जंतूच्या विषानं होणारे मृत्यू कमी झाले. पण माणसाचं औषध म्हणून एसएन-५० आलेलं नाही. ते विकत मिळतं ते प्रयोगशाळांना, आणि फक्त संशोधनासाठी, माणसावर वापरायला नाही, अशा सूचनेसह.

म्हणजे तीस वर्षांचं काम, जुळी भावंडं, स्वतःवरच घेतलेला संशय, आणि एवढं होऊनही लेबलवर लिहिलेलं ‘माणसासाठी नाही’. शेजारी ठेवा तो डबा. शेजारचं भांडं नाही, तपासणी नाही, आणि लेबलवर ‘प्रत्येकासाठी’.

कुणी म्हणेल, मग डॉक्टरांची औषधं तरी कुठे निर्दोष आहेत? नाहीतच. टीएनएफला अडवणारी इंजेक्शनं आमवातावर १९९२ पासून रुग्णांना देऊन पाहिली गेली, लंडनला मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी. मैनी मूळचे लुधियानाचे. हजारोंचे सांधे त्यांनी वाचले. पण २००१ मध्ये लक्षात आलं की ज्यांच्या शरीरात क्षयाचे जंतू झोपलेले आहेत त्यांच्यात ते या इंजेक्शनांनी जागे होऊ शकतात. टीएनएफच त्या जंतूंना कोंडून ठेवत होता. म्हणून आता आधी क्षयाची तपासणी करतात. आपल्या देशात तर ती फारच गरजेची. कोविडमध्ये डेक्सामेथासोनचंही असंच झालं. अशी स्टेरॉइडं एनएफ-कप्पा-बीच्या कामाला आवर घालतात. २०२० च्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू या स्वस्त औषधानं सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले. ज्यांना ऑक्सिजनचीही गरज नव्हती, त्यांना मात्र काहीच फायदा दिसला नाही. हा फरक कळला तोही शेजारच्या भांड्यामुळेच, कारण निम्म्याहून जास्त रुग्णांना ते औषध न देता नेहमीचे उपचार चालू ठेवले होते. तो फरक न पाहता पुढच्या वर्षी आपल्याकडे स्टेरॉइडांचा भडिमार झाला आणि साखर वाढलेल्या रुग्णांत काळ्या बुरशीनं काय केलं, ते महाराष्ट्रानं पाहिलं आहे.

तर ‘इम्युनिटी कमी करणारी गोळी’ हे वाक्य अर्धवट आहे. कुणाची इम्युनिटी, कुठली, किती, कधी आणि कशासाठी, हे त्यात नाही. आपाच्या सांध्यात मुकादम आत गेला आहे आणि बाहेर यायचं नाव घेत नाही. तिथे कुणीतरी त्याचा हात धरायलाच हवा. मेथोट्रेक्सेट वेगळ्या वाटेनं जाते, एसएन-५० सारखी पत्ता अडवत नाही, पण शेवटी तेच साधते, लढाई थांबवते. त्यासाठी दर काही आठवड्यांनी रक्त तपासावं लागतं, यकृतावर लक्ष ठेवावं लागतं, सोबत फॉलिक ॲसिड घ्यावं लागतं. रोज घेतली तर जिवावर बेतू शकते, म्हणून आठवड्यातला दिवस ठरवून घ्यावा लागतो. औषधाचे तोटे आपल्याला माहीत आहेत, याचा अर्थ ते तपासलेलं आहे. ज्याचे तोटे कुणालाच माहीत नाहीत ते निर्धोक असतं असं नाही, बहुधा कुणी तपासलेलंच नसतं.

आपाला हे सगळं तिच्या लेकीनंच समजावलं, माझ्या मदतीशिवाय. तिनं पेप्टाइडचं नाव काढलं नाही. एवढंच म्हणाली, “अम्मी, ज्यांनी पावडर खाल्ली नाही पण गोळी सोडली, त्यांचं काय झालं ते त्या बाईला विचार. आणि ज्यांनी गोळी चालू ठेवली, त्यांचंही.” आपा बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “उसकू क्या मालूम? उसने थोडेच पूछा होगा.” माझ्या मते अल-राझींनाही हे उत्तर पटलं असतं.

हे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या घरात कुणाला तरी आमवात, सोरायसिस, ल्युपस किंवा आतड्याची जुनी सूज असेल. त्यांच्या गोळ्या ‘इम्युनिटी कमी करतात’ म्हणून आज ना उद्या कुणीतरी मायेनं त्या सोडायला सांगेल, दीनचं नाव घेऊनही सांगेल. त्यांच्याशी भांडू नका, चहा पाजा. फक्त विचारा: शेजारच्या भांड्यात काय होतं? आणि ज्या डॉक्टरनं गोळी दिली, त्याला विचारल्याशिवाय ती बंद करू देऊ नका.